‘गेल्तास’ कळतं, मग ‘गना’ही कळेल

पत्र : मी तासगाव तालुक्यातला. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं आणि खरेदीदारांशी पत्रव्यवहार बघतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बी.कॉम. ईमेल लिहायला-वाचायला अडत नाही. पण फोनवर इंग्लंडचे आणि हॉलंडचे लोक बोलायला लागले की निम्मं वाक्य हवेत विरतं. मागच्या हंगामात पंधरा की पन्नास यात माझा घोळ झाला आणि मालकांसमोर मान खाली घालावी लागली. पुण्याहून आलेला एक सहकारी ‘गना’, ‘वॉना’ करत फाडफाड बोलतो आणि माझं इंग्रजी पुस्तकी आहे म्हणून हसतो. माझं व्याकरण पक्कं आहे. मग ते लोक व्याकरण सोडून का बोलतात? मीही तसंच बोलायला शिकू का? जानेवारीत माल सुरू होईल, त्याआधी दोघे जण पॅकहाऊस बघायला येणार आहेत. हातात दहा आठवडे आहेत. ता. क. त्यांना ‘सर’ म्हणू की नावानं हाक मारू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : सकाळी चौकात मित्र भेटला तर तुम्ही त्याला ‘काल कुठे गेला होतास?’ असं विचारता का? ‘काल कुठं गेल्तास?’ असंच विचारत असणार. यात ‘होतास’मधला ‘हो’ तुम्ही गिळलात. पण तो तुम्ही वाटेल तिथं गिळत नाही. ‘तो घरी होता’ याचं ‘तो घरी ता’ असं तासगावातच काय, आख्ख्या सांगली जिल्ह्यात कुणी म्हणणार नाही. ‘होता’ दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीवर बसून आलेला असला तरच आखडतो : गेल्ता, आल्ता, दिल्ता. तोच वाक्याचा धनी असला की पुरा उच्चारावा लागतो. हा नियम तुम्हाला कुठल्या गुरुजींनी शिकवलेला नाही, तरी तुमच्याकडून तो एकदाही मोडत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्यांचंही असंच आहे. ‘ही इज कमिंग’चं ‘हीज कमिंग’ होतं. पण ‘इज ही कमिंग?’ या प्रश्नाचं उत्तर ‘येस, ही इज’ असंच द्यावं लागतं. ‘येस, हीज’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील. ‘आयम गोइंग टु कॉल हिम’ याचं ‘आयम गना कॉल हिम’ होतं, कारण पुढं क्रियापद आहे. ‘आयम गोइंग टु मुंबई’ याचं ‘आयम गना मुंबई’ कधीच होत नाही, कारण तिथं खरोखरचं जाणं आहे. ‘आय वॉन्ट टु’चं ‘आय वॉना’ चालतं, पण ‘ही वॉना’ नाही. तिथं ‘ही वॉन्ट्स टु’च राहतं. सहकाऱ्याचं फाडफाड बोलणं या दोन चाचण्यांवर मनातल्या मनात घासून बघा. तोंडावर सांगू नका, त्याची पुढं गरज लागणार आहे.

तेव्हा ते लोक व्याकरण सोडून बोलत नाहीत. तुम्ही शिकलात ते लिहिण्याचं व्याकरण, आणि ते बरोबरच आहे. बोलण्याचं व्याकरण त्याच्या शेजारी वेगळं नांदतं. भाषेचे अभ्यासक ते रेकॉर्डिंगं जमवून तपासतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या १० कोटी शब्दांच्या संग्रहात सुमारे १ कोटी शब्द बोलण्यातले आहेत. पुढं २०१२ ते २०१६ या काळात घरगुती गप्पा रेकॉर्ड करून आणखी सुमारे १ कोटी १५ लाख शब्दांचा वेगळा संग्रह झाला. त्यात साहेब लोक घरात बसून जे बोलतात ते ‘यू नो’, ‘सॉर्ट ऑफ’, अर्धवट सोडलेली वाक्यं, असं सगळं आहे. पुस्तकातलं वाक्य बोलणारा तिथं शोधावा लागेल.

आता तुमचं खरं दुखणं कानाचं आहे, तोंडाचं नंतर. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोर असलेल्या शब्दांना ऐसपैस जागा मिळते आणि मधल्या बारक्या शब्दांना जीपच्या मागच्या फळीवर दाटीनं बसवतात. ‘कॅन यू सेंड अस अ कपल ऑफ फोटोज ऑफ द बॉक्सेस फ्रॉम द लास्ट लॉट?’ हे वाक्य फोनवर साधारण असं येतं : ‘क्न्यु सेंडसॅ कपलॅ फोटोज अव्द बॉक्सिज फ्रम्द लास लॉट?’ सेंड, कपल, फोटोज, बॉक्सिज, लास, लॉट एवढंच ठसठशीत ऐकू येतं. घाबरू नका, अर्थही तेवढ्यातच आहे. तुमची गडबड होते ती ‘कॅन’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’ हे पुस्तकातल्या पुऱ्या उच्चारात शोधत बसल्यामुळं. ते सापडेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

या बारक्या शब्दांचा आखडलेला स्वर आपल्याला परका नाही. ‘कमळ’मधला ‘अ’ आहे ना, जवळपास तोच. ‘टु’चा ‘टॅ’ आणि ‘ट’ यांच्या मधला काहीतरी, ‘फॉर’चा ‘फ’, ‘ऑफ’चा ‘अव्’ किंवा नुसता ‘अ’, ‘अँड’चा ‘न्’, ‘हॅव’चा ‘अव्’, ‘वॉज’चा ‘वज्’. हे पंधरा-वीस शब्द आहेत, हजार नाहीत. ‘शुड हॅव’चं ‘शुडव्’ होतं म्हणून खुद्द इंग्लंडातली माणसं कधीकधी लिहिताना तिथं ‘ऑफ’ लिहून ठेवतात. त्यांची चूक आहे, तुम्ही ईमेलमध्ये करू नका. पण ती कुठून आली ते आता कळलं असेल.

दुसरी गळती ‘ट’ आणि ‘ड’ची. दोन व्यंजनांच्या मध्ये सापडले की ते पडतात : ‘नेक्स डे’, ‘लास वीक’, ‘डनो’ (म्हणजे ‘डोंट नो’). याचा धंद्यात एक तोटा आहे. ‘वुई पॅक्ट देम’ म्हणजे पॅक केले आणि ‘वुई पॅक देम’ म्हणजे पॅक करतो, हे बोलताना जवळजवळ सारखंच ऐकू येतं, कारण भूतकाळाचा ‘ट’ मध्येच पडतो. मग काळ क्रियापदात शोधू नका. ‘येस्टरडे’, ‘यूज्वली’ असा वेळेचा शब्द पकडा, आणि तो नसेल तर विचारा. शिवाय इंग्लंडातले पुष्कळ लोक शब्दामधला ‘ट’ जिभेनं न उच्चारता घशात अडवतात. ‘बेटर’ हे ‘बे’अ’सारखं येतं. अमेरिकन माणूस त्याच जागी हलका ‘ड’ किंवा ‘र’सारखा आवाज काढतो. तुम्ही स्वतः स्वच्छ ‘ट’ म्हणा, कुणाचीच अडचण होत नाही.

तिसरं म्हणजे शब्द एकमेकांना चिकटतात. ‘पिक इट अप’चं ‘पि-कि-टप’ होतं, ‘डिड यू’चं ‘डिजू’, ‘डोंट यू’चं ‘डोंचू’. आपण ‘जाऊन ये’चं ‘जाऊन्ये’ करतो तसंच हे, त्यामुळं जास्त लिहीत नाही.

‘वुईड’ मात्र नीट लक्षात ठेवा, सौद्याच्या बोलण्यात तो फार येतो. ‘वुईड अ‍ॅग्रीड’ म्हणजे ‘वुई हॅड अ‍ॅग्रीड’ : आपलं ठरलं होतं. ‘वुईड अ‍ॅग्री’ म्हणजे ‘वुई वुड अ‍ॅग्री’ : आम्ही कबूल होऊ. पुढं क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर ‘हॅड’, मूळ रूप आलं तर ‘वुड’. ठरलं होतं आणि ठरवू या दोन्हींत कंटेनरएवढा फरक आहे. आणि ‘अ‍ॅग्रीड टु’ असं आलं तर शेवटचा ‘ड’ही ‘टु’मध्ये विरघळतो. तेव्हा सरळ विचारा : ‘सॉरी, इज दॅट ऑलरेडी अ‍ॅग्रीड?’

आता पंधरा आणि पन्नास. तुमच्या घोळाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही फसतात. पुस्तक सांगतं की ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी आणि ‘फिफ्टी’मध्ये सुरुवातीला. सुटा आकडा म्हटला तर ते खरं. पण पुढं वस्तूचं नाव आलं की ‘फिफ्टीन’मधला जोर पुढच्या टोकाला सरकतो : ‘फिफ्टीन पॅलेट्स’मध्ये (पॅलेट म्हणजे खोकी रचायची फळी) तो ‘फिफ्’वरच पडतो, ‘फिफ्टी’सारखाच. ज्या शेवटच्या ‘न’ची तुम्ही वाट बघता तोही पुढच्या ‘प’मुळं ओठ मिटून ‘म’ होतो : ‘फिफ्टीम्पॅलेट्स’. म्हणजे दोन्ही खुणा नेमक्या कामाच्या वेळी गायब. म्हणून कानावर विसंबायचंच नाही. तेरा ते एकोणीस आणि तीस ते नव्वद यांतला कुठलाही आकडा आला की प्रत्येक वेळी विचारायचं : ‘इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत आकड्यात लिहिलेला ईमेल. यात कमीपणा नाही, समोरच्याला उलट बरं वाटतं. मण्याची साइज सोळा मिलिमीटर की साठ, हे संदर्भावरून कळतं. पॅलेट किती, हे कळत नाही.

वेळेचंही ऐका. इंग्लंडचा माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर साडेपाच. डच भाषेत याच शब्दांचा अर्थ साडेचार होतो, म्हणजे पाचाला अर्धा तास कमी, आणि डच माणूस घाईत इंग्रजी बोलताना आपल्या भाषेतला हिशोब सोबत आणू शकतो. तुमचे दोन्हीकडचे खरेदीदार आहेत, तेव्हा ‘फोर-थर्टी ऑर फाइव्ह-थर्टी?’ असं विचारून टाका. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा दिवस. ‘फ्रायडे वीक’ म्हणजे येणाऱ्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे नेमका कुठला यावर त्यांच्यातही एकमत नसतं, तारीखच घ्या. ‘टेन ग्रँड’ म्हणजे दहा हजार. थंडीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आणि हॉलंड साडेचार तास मागं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढं जातात आणि दोन्ही फरक एकेका तासानं कमी होतात. तेव्हा तुमचा हंगाम भरात असतो, म्हणून आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

‘कॅन’ आणि ‘कांट’ हा असाच दुसरा खड्डा. होकारातला ‘कॅन’ आखडून ‘क्न्’ होतो : ‘वुई क्न् लोड ऑन मंडे’. नकारातला मात्र पुरा उच्चारतात. इंग्लंडात ‘कांट’, अमेरिकेत ‘कॅन्ट’, आणि तो ‘ट’ अर्धाच फुटतो. तुम्ही होकार देताना ‘वुई कॅऽन लोड’ असं ठासून म्हणालात तर अमेरिकन वळणाच्या कानाला ते नकारासारखं वाटू शकतं. होकारात ‘कॅन’ भरकन उरकायचा आणि जोर ‘लोड’वर द्यायचा. नकार द्यायचा असेल तर ‘वुई कॅनॉट’ किंवा ‘वुई वोंट बी एबल टु’ असं पुरं बोला.

आता शब्द ऐकू आले तरी अर्थ हुकतो अशी जागा. आपल्याकडं ‘जरा येता का?’ म्हणजे ‘या’ असं असतं. ‘जरा’ हा शब्द माप सांगत नाही, तो धार बोथट करतो. इंग्रजांचं ‘अ बिट’, ‘स्लाइटली’, ‘नॉट आयडियल’ हे तसंच. ‘द बेरीज आर अ बिट सॉफ्ट’ (बेरीज म्हणजे द्राक्षाचे मणी) असं फोनवर आलं तर ती थोडीशी नव्हे, चांगली तक्रार आहे. ‘वुई मे नीड टु लुक अ‍ॅट द प्राइस’ म्हणजे भाव उतरवा. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे मात्र चांगलं आहे, खूश आहेत. डच माणूस याच्या उलट बऱ्याचदा सरळ बोलतो : ‘दिस इज नॉट गुड.’ तो रागावलाय असं समजू नका. त्याच्या ‘नॉट गुड’इतकंच वजन लंडनच्या ‘अ बिट’ला असू शकतं.

तुमच्या तोंडून काय यावं, त्याकडे वळू. ‘गना’, ‘वॉना’, ‘गॉटा’ (म्हणजे ‘गॉट टु’) ऐकून कळले पाहिजेत. बोलायची गरज नाही. बाकीचं बोलणं सावकाश, उच्चार स्वच्छ, आणि मध्येच ‘गना’ म्हटलं तर ते धोतरावर टाय बांधल्यासारखं दिसतं. याउलट ‘आयम’, ‘इट्स’, ‘वुईल’, ‘डोंट’, ‘डिडंट’ हे आजच उचला. ‘आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्रीइंग, आय डू नॉट नो’ असं प्रत्येक शब्द सोडवून बोललात तर तुम्ही चिडून बजावताय असं ऐकू येतं. पुस्तकी म्हणून हसण्यासारखं एवढंच आहे, आणि ते महिन्याभरात जातं.

मराठीतून थेट आलेल्या काही सवयी मात्र महागात पडतात. सगळ्यात वाईट ही : ‘यू हॅवंट सेंट इट?’ असं त्यानं विचारलं आणि तुम्ही ‘हो, नाही पाठवलं’ या हिशोबानं ‘येस’ म्हणालात. त्याला कळलं की पाठवलंय. इंग्रजीत ‘येस’ पाठवल्यालाच लागतो, प्रश्नातल्या ‘नाही’ला नाही. नकारार्थी प्रश्न आला की ‘येस’-‘नो’ दोन्ही सोडून द्या आणि माहिती सांगा : ‘नॉट येट. इटल गो ऑन थर्सडे.’

‘उद्याच पाठवतो’ याचं ‘आयल सेंड इट टुमॉरो ओन्ली’ करू नका. आपला ‘च’ खात्री देतो. त्याला मात्र ‘उद्याच्या आधी नाही’ असं ऐकू येतं, म्हणजे अर्थ उलटाच. ‘डेफिनेटली बाय टुमॉरो’ म्हणा. शंका विचारायची असेल तर ‘क्वेश्चन’. ‘डाउट’ म्हणजे तिकडं संशय, आणि ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर पेमेंट’ हे वाक्य तर ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवेल. फोन उचलून ‘येस, टेल मी’ म्हणजे ‘हां, बोला’ नव्हे. त्याला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘हाय, हाउ आर यू?’ पुरे.

‘हूं हूं’च्या जागी ‘येस, येस, येस’ म्हणायची आपल्याकडं सर्रास सवय आहे. त्यानं भाव सांगितला आणि तुम्ही नुसतं ऐकतोय म्हणून ‘येस’ म्हणालात, तर त्यानं ते कबुली म्हणून लिहून घेतलं असं होऊ शकतं. नुसतं ऐकत असाल तर ‘म्म-हम्म’ किंवा ‘आय सी’. ‘येस’ सौद्यासाठी राखून ठेवा.

आपल्या ‘येणार न्हवं?’मधला ‘न्हवं’ सगळ्यांना चालतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक वाक्याला वेगळं शेपूट : ‘आरंट यू?’, ‘डिडंट ही?’, ‘वोंट दे?’ ऐकून ओळखा, बोलताना सरसकट ‘राइट?’ लावा : ‘यूर कमिंग ऑन द टेंथ, राइट?’ बोलण्यात ते चुकीचं नाही आणि जीभही अडखळत नाही.

विचार करायला वेळ हवा असला तर गप्प राहू नका, फोनवर शांतता म्हणजे लाइन तुटली. आपण ‘काय आहे…’, ‘म्हणजे…’ म्हणून जागा धरतो, तसं ‘वेल…’, ‘द थिंग इज…’, ‘लेट मी चेक’ म्हणा. त्यांच्या बोलण्यात ‘एनीवे…’ किंवा ‘राइट, सो…’ आलं की आपल्या ‘बरं मग, ठेवू का?’सारखं समजा. तिथं नवा विषय काढायचा नाही. समजलं नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणण्याऐवजी जो तुकडा निसटला तोच मागा : ‘सॉरी, हाउ मेनी पॅलेट्स?’ ‘रिपीट’ म्हटलं की तो आख्खं वाक्य तितक्याच वेगात पुन्हा म्हणतो आणि तुम्ही होता तिथंच.

व्हॉट्सअॅपवर ‘गॉट द फोटोज, लुक्स गुड’ असे कर्ता गाळलेले निरोप येतील. तुम्हीही तसे पाठवा, फक्त कर्ता वाक्याच्या सुरुवातीचाच गाळतात, मधला नाही. ‘विल चेक’ चालतं, ‘आय थिंक विल चेक’ नाही. ‘चिअर्स’ म्हणजे बहुधा नुसतं ‘थँक्स’. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला) यांच्या ईमेलमध्ये मात्र पुरी वाक्यं, तुम्ही आता लिहिता तशीच. तिथं काही बदलू नका.

दहा आठवड्यांचं काम. रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम घ्या. दोन माणसं गप्पांच्या सुरात बोलतात आणि संहिता सोबत मिळते. रोज त्यातले फक्त तीस-चाळीस सेकंद. संहिता न बघता तीनदा ऐका. मग जे कानावर पडलं ते देवनागरीत, ऐकू आलं तसंच लिहा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहू नका, कारण स्पेलिंग आठवलं की कान खोटं बोलायला लागतो. आता संहिता उघडा आणि जुळलं नाही तिथं लाल खूण करा. प्रत्येक खुणेला कारण लिहा : बारका शब्द आखडला, ‘ट’ पडला, दोन शब्द चिकटले, की शब्दच माहीत नव्हता. शेवटी तो तुकडा आवाजाबरोबर पाच वेळा म्हणा आणि एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐका. पहिले चार आठवडे एवढंच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लाल खुणा मोजा. ‘शब्दच माहीत नव्हता’ या कारणाच्या खुणा फार कमी निघतील, कारण तुमचा शब्दसाठा ईमेलांनी भरलेलाच आहे.

बिघडतं ते सहसा इथं : लोक चित्रपट लावतात, खाली हिंदी किंवा इंग्रजी ओळी वाचतात आणि कान डुलकी घेतो. किंवा गाडी चालवताना मागं इंग्रजी चालू ठेवतात. त्यानं काहीही होत नाही. वेग कमी करून ऐकणं पहिल्या आठवड्यात ठीक, नंतर बंद करा. व्हॉइस ऑफ अमेरिकेनं १९५९ मध्ये सुमारे पंधराशे शब्दांत आणि मुद्दाम संथ वाचलेलं इंग्रजी सुरू केलं होतं. शब्द शिकायला ते छान आहे, पण तुमच्या कामाचं नाही. संथ बोलण्यात काही आखडतच नाही, मग शिकणार काय?

पाचव्या-सहाव्या आठवड्यात आकडे. घरातल्या कुणालाही रोज वीस आकडे वाचून दाखवायला सांगा, वस्तूंसकट : ‘सेव्हन्टीन बॉक्सेस’, ‘सेव्हन्टी बॉक्सेस’. उच्चार मराठी वळणाचा असला तरी हरकत नाही. आकडा आला की उलटून विचारायची सवय अंगात मुरवायची आहे. सातव्या-आठव्यात पुण्याचा सहकारी. त्याला दुसऱ्या खोलीत बसवून फोन लावायला सांगा, खरेदीदार होऊन तक्रार करायला लावा, आणि जितका भराभर बोलता येईल तितका बोलू द्या. त्याच्या ‘गना’ला शेवटी काम मिळालं.

शेवटचे दोन आठवडे पॅकहाऊस दाखवायची तयारी. माल उतरवतात ती जागा, कात्रीनं घड साफ करायची टेबलं, वजन आणि पनेट (द्राक्षांची छोटी डबी), प्रीकूलिंग म्हणजे माल झटपट गार करायची जागा, कोल्ड स्टोअरेज. प्रत्येक थांब्यावर दोन वाक्यं, जास्त नाही. इथं मराठी वळण सरळ कामाला येतं. ‘इथं आम्ही काय करतो, तर घड साफ करतो’ असं आपण म्हणतो. बोलक्या इंग्रजीत नेमकं तसंच म्हणतात : ‘सो व्हॉट वुई डू हिअर इज, वुई ट्रिम द बंचेस.’ पुस्तकाच्या हिशोबानं ते लांबण आहे. यंत्रांच्या आवाजात पाहुण्याला मात्र सोपं पडतं, कारण मुद्दा यायच्या आधी त्याचा कान तयार होतो. वाक्यं पाठ करू नका, पाठ केलेलं वाक्य मध्येच प्रश्न आला की कोसळतं. फक्त सुरुवाती पाठ ठेवा : ‘दिस इज व्हेअर वुई…’, ‘फ्रॉम हिअर इट गोज टु…’.

ता. क.चं उत्तर : ईमेलखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल तर त्याच नावानं हाक मारा. दर वाक्याला ‘सर’ त्यांना अवघडवतं. ‘मिस्टर’ लावायचं असेल तर आडनावाला. ‘मिस्टर’ आणि पहिलं नाव ही जोडी तिकडं चालत नाही. मालक बाजूला असतील आणि तुमची जीभ नावानं हाक मारायला रेटत नसेल, तर नाव न घेताही दिवस निभावतो. स्वतःची ओळख ‘मायसेल्फ अमुक’ अशी नको, ‘हाय, आयम’ आणि पुढं नाव. ‘आयम’ आखडा, नाव आखडू नका : दोन अक्षरांमध्ये किंचित थांबून सांगा, त्यांनी म्हणून बघितलं की एकदा दुरुस्त करा, आणि दुसऱ्यांदाही चुकले तर जाऊ द्या.